अमेझॉनमध्ये पहिल्यांदा जाताय? बोट, झोळी आणि नदीचं वेळापत्रक

मनाउस हे वीस लाखांवर वस्तीचं शहर. तिथे मोटरसायकली आणि टीव्ही बनवणारे कारखाने आहेत, १८९६ सालचं ऑपेरा थिएटर आहे, पण उरलेल्या ब्राझीलमधून तिथवर बाराही महिने भरवशाने जाता येईल असा रस्ता नाही. दक्षिणेकडे पोर्तो वेल्योला जाणारा बीआर-३१९ हा सुमारे ८८५ किलोमीटरचा रस्ता १९७० च्या दशकात बांधला गेला. त्याचा मधला जवळपास ४०० किलोमीटरचा पट्टा कच्चा आहे आणि पावसात त्याचा निव्वळ चिखल होतो. २०२२ मध्ये याच रस्त्यावरचे दोन पूल लागोपाठ कोसळले. पेरूतल्या इकितोसला तर बाहेरून येणारा रस्ताच नाही. जो आहे तो शंभरेक किलोमीटरवरच्या नाउता गावापर्यंत जातो आणि तिथेच संपतो. म्हणून इथे प्रवास आखताना गाडीरस्त्यांचा नकाशा बाजूला ठेवायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरं आधी काढायची: कोणती नदी, कोणता महिना, आणि प्रवाहाबरोबर जायचं की प्रवाहाविरुद्ध. हॉटेल, विमान, खर्च हे सगळं त्यानंतर.

टप्पा निवडा, अख्खं अमेझॉन नको

नवख्या माणसाची पहिली चूक म्हणजे पेरूपासून अटलांटिकपर्यंत सगळं एका दमात करायला बघणं. अंतरं नकाशावर कळत नाहीत. ब्राझीलच्या पश्चिम सीमेवरचं ताबातिंगा ते मनाउस नदीने सुमारे १,६०० किलोमीटर आणि मनाउस ते अटलांटिकजवळचं बेलेम पुन्हा साधारण तेवढंच. मालवाहू-प्रवासी बोटींना लागणारा वेळ ढोबळमानाने असा:

मनाउस ते सांतारेम: प्रवाहाबरोबर ३० ते ३६ तास, उलट साधारण दोन दिवस.
सांतारेम ते बेलेम: प्रवाहाबरोबर दोन दिवस, उलट तीनच्या आसपास.
ताबातिंगा ते मनाउस: खाली येताना तीन ते चार दिवस, वर जाताना सहा ते सात.
मनाउस ते पोर्तो वेल्यो (मादेइरा नदीने, वरच्या दिशेने): तीन-चार दिवस, पाणी कमी असेल तर जास्त.
पेरूत युरिमाग्वास ते इकितोस: दोन ते तीन दिवस. पुकाल्पा ते इकितोस: तीन ते पाच.

या आकड्यांत बंदरात माल चढेपर्यंत ताटकळण्याचा वेळ धरलेला नाही. तो कधी दोन तास असतो, कधी अर्धा दिवस.

हातात दोन आठवडे असतील तर आमचा सल्ला सरळ आहे. विमानाने मनाउस, तिथे रिओ नेग्रो या उपनदीच्या बाजूला तीन-चार दिवस, मग बोटीने सांतारेम. तिथून ३५ किलोमीटरवरच्या आल्तेर दो शाँवला दोन-तीन दिवस, आणि पुढे बेलेमपर्यंत वेळ असेल तर बोट, नाहीतर विमान. मनाउस-बेलेम सलग चार दिवस करणारे बरेच जण तिसऱ्या दिवशी कंटाळतात, कारण प्रवाहाबरोबर जाणारी बोट नदीच्या मधोमध चालते आणि दोन्ही काठ म्हणजे लांबवर दिसणारी हिरवी रेघ. प्रवाहाविरुद्ध जाणारी बोट काठाला धरून चालते, कारण तिथे पाण्याचा जोर कमी असतो. तेव्हा घरं, शाळेच्या होड्या, पक्षी सगळं जवळून दिसतं. घाई असेल तर खाली या, बघायचं असेल तर वर जा. बेलेमच्या अलीकडे ब्रेवेसच्या चिंचोळ्या खाड्या मात्र दोन्ही दिशांनी सुंदर आहेत. तिथे नदीकाठची मुलं लहान होड्या वल्हवत बोटीजवळ येतात.

पाण्याची पातळी हेच वेळापत्रक

आपल्याकडे पावसाळा आणि नदीचा पूर बरोबर येतात. मनाउसला तसं नाही. पाऊस साधारण डिसेंबर ते मे, पण नदी सर्वात उंच असते जूनमध्ये आणि सर्वात खाली ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कारण वरच्या अंगाचं पाणी महिनोन्‌महिने उतरत येतं. दोन पातळ्यांत वर्षाला दहा मीटरांच्या वर फरक पडतो. मनाउस बंदरातल्या भिंतीवर प्रत्येक वर्षीच्या पुराची रेघ मारून ठेवलेली आहे. तिकिटाला जाल तेव्हा बघाच. २०२१ मध्ये पाणी ३०.०२ मीटरवर गेलं होतं, आणि २०२४ मध्ये १२.११ पर्यंत उतरलं. तो नोंदींमधला नीचांक.

याचा तुमच्याशी संबंध असा. मार्च ते जुलै या काळात जंगल पाण्याखाली असतं, होडी झाडांच्या शेंड्यांमधून जाते आणि बोटी वेळेच्या जवळपास चालतात. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये वाळूचे किनारे उघडे पडतात, पायवाटा चालता येतात. आल्तेर दो शाँवचा प्रसिद्ध वाळूचा पट्टा याच दिवसांत दिसतो, मे महिन्यात तो पाण्याखाली असतो. पण ऑक्टोबरमध्ये बोटी रेतीत रुततात, लहान उपनद्यांवरच्या फेऱ्या बंद होतात आणि धक्का काठापासून इतका खाली जातो की सामान घेऊन चिखलातून चालावं लागतं. २०२३ आणि २०२४ मध्ये हे फार मोठ्या प्रमाणावर झालं. आमच्या मते पहिल्या खेपेला जुलै-ऑगस्ट सर्वात सोयीचा: पाणी अजून भरपूर, पाऊस ओसरलेला. जूनचा शेवटचा आठवडा मात्र टाळा, निदान बोटीसाठी. वाटेवरच्या पारिंतिन्स गावी बोई-बुम्बाचा, म्हणजे बैलाच्या लोककथेवरच्या नाच-गाण्यांचा उत्सव असतो आणि मनाउसहून तिकडे जाणाऱ्या बोटींत पाय ठेवायला जागा नसते. उत्सवच बघायचा असेल तर गोष्ट वेगळी, मग तिकीट कित्येक आठवडे आधी.

घरून निघण्यापूर्वी

भारतीय पासपोर्टला ब्राझीलचा व्हिसा लागतो. मुंबईत ब्राझीलचा वाणिज्य दूतावास आहे. पेरू आणि कोलंबियाने अमेरिकेचा किंवा शेंगेनचा पुरेशा मुदतीचा व्हिसा असलेल्या भारतीयांना काही सवलत दिलेली आहे, पण नियम बदलत राहतात, तेव्हा निघण्याच्या महिन्यात त्या त्या दूतावासाकडून खात्री करून घ्या.

पिवळ्या तापाची लस ही खरी अडचणीची बाब, आणि ती जाताना नव्हे, परतताना नडते. ब्राझील, पेरू, कोलंबियाहून भारतात येणाऱ्याकडे पिवळं लस-प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात, सहा दिवसांपर्यंत. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच मिळते, ठरावीक दिवशीच आणि आधी नाव नोंदवून. प्रमाणपत्र टोचल्यानंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि आता ते आयुष्यभर चालतं. अंड्याची ॲलर्जी असेल किंवा वय साठीपुढे असेल तर डॉक्टरांशी आधी बोला. मलेरियाच्या गोळ्या घ्यायच्या का, हे तुम्ही कोणत्या भागात किती दिवस राहणार यावर ठरतं. तेही डॉक्टरांनाच विचारा. रिओ नेग्रोचं काळं पाणी आम्लधर्मी असल्यामुळे त्या बाजूला डास कमी असतात. लहान मुलं बरोबर असतील तर मुक्काम तिकडेच ठेवा.

मुंबईहून मनाउसला थेट विमान नाही. बहुतेक जण दुबई, दोहा किंवा आदिस अबाबामार्गे साओ पावलोला जातात आणि तिथून चारेक तासांचं देशांतर्गत विमान घेतात. साओ पावलोला सामान स्वतः ताब्यात घेऊन कस्टम्समधून बाहेर काढावं लागतं आणि पुन्हा द्यावं लागतं, त्यावर मनाउसची चिठ्ठी लागलेली असली तरी. मध्ये किमान तीन-चार तास ठेवा.

रोख पैसे लागतातच. ब्राझीलमध्ये हल्ली भाजीवालाही ‘पिक्स’ने पैसे घेतो, पण ते आपल्या यूपीआयसारखं स्थानिक खात्याला जोडलेलं असतं आणि प्रवाशाच्या उपयोगाचं नाही. पाच, दहा, वीस रेआलच्या नोटा जपून ठेवा. बोटीवर शंभराची मोड मिळत नाही. चार्जरचं दोन गोल पिनांचं प्लग तिथल्या सॉकेटमध्ये सहसा बसतं, आपलं तीन पिनांचं बसत नाही. बोटीवर सॉकेट थोडे आणि माणसं फार, म्हणून एक पॉवर बँक भरलेली असू द्या.

तिकीट

मनाउसला बंदराच्या खिडकीवर किंवा आदोल्फो लिस्बोआ बाजाराजवळच्या दुकानांत तिकीट मिळतं. रस्त्यात गाठ घालणारे दलाल असतात. सगळेच फसवे नसतात, पण त्यांच्या ‘उद्या सकाळी सुटणार’ यावर जाऊ नका. पैसे देण्याआधी धक्क्यावर जाऊन बोट बघा. बोटीवर टांगलेल्या पाटीवर गावांची नावं, दिवस आणि वेळ लिहिलेली असते. तिकिटावर बोटीचं नाव आणि तारीख आहे ना, हे वाचा. तिकीट पासपोर्टवर निघतं आणि वाटेत, विशेषतः ओबिदुसजवळ, पोलीस बोटीवर चढून कागद आणि सामान तपासतात, तेव्हा मूळ पासपोर्ट हाताशी हवा.

विचारायचे तीन प्रश्न: जेवण भाड्यात आहे की वेगळं? झोपायच्या झोळ्या टांगायचा मजला उघडा आहे की एसीचा? मधे कुठे बोट बदलावी लागते का? ताबातिंगा-मनाउस मार्गावर जेवण बहुधा भाड्यातच असतं. बेलेमकडे जाणाऱ्या बोटींवर ते बऱ्याचदा ताटावर विकत घ्यावं लागतं. एसीचा मजला ऐकायला बरा वाटतो, पण रात्री तो इतका गार पडतो की लोक टोपी घालून झोपतात, आणि नदीही दिसत नाही. उघडा मजलाच घ्या. ‘कामारोची’ म्हणजे केबिन. दोन बंक, कुलूप, कधी स्वतःचं स्नानगृह. वयस्कर आई-वडील बरोबर असतील तर केबिन घ्यावी, पण ती पत्र्याची खोली दुपारी तापते हे धरून चाला.

घाई असणाऱ्यांसाठी वेगवान बोटी आहेत. बसमध्ये असतात तशा खुर्च्या, बंद काचा, सतत चालू टीव्ही. ताबातिंगा-मनाउस त्या दीड दिवसात करतात. एक घोळ लक्षात ठेवा: ब्राझीलमध्ये ‘लांचा’ म्हणजे ही वेगवान बोट, पेरूत ‘लांचा’ म्हणजे संथ मालवाहू बोट. इकितोसला नुसतं ‘लांचा’ मागून तीन दिवसांच्या प्रवासाला लागलेले लोक कमी नाहीत. तिथे वेगवान बोटीला ‘रापिदो’ म्हणा.

झोळी

हा सगळ्या प्रवासातला सर्वात महत्त्वाचा सव्वा किलो. झोळी, म्हणजे तिथली ‘हेजी’, बोटीवर मिळत नाही. बंदराजवळच्या दुकानातून घ्यायची. जाळीची घेऊ नका, ती अंगाला रुतते आणि वारा खालून लागतो. जाड सुती कापडाची, दोघांसाठीच्या मापाची घ्या, एकटे असलात तरी. मोठ्या झोळीत तिरकं झोपता येतं. त्याच दुकानात दोरी वेगळी विकत मिळते: प्रत्येकी दोन मीटरचे दोन तुकडे, करंगळीएवढे जाड. स्वस्तातली गुळगुळीत प्लास्टिकची दोरी गाठीतून सरकते. सुताची किंवा विणीची घ्या.

बोट दुपारी बाराला सुटणार असेल तर सकाळी सात-आठला चढा. जागा क्रमांकाने नसते, ज्याने आधी बांधली त्याची. संडासापासून लांब, स्वयंपाकघर आणि इंजिनाच्या धुराड्यापासून लांब, रात्रभर जळणाऱ्या दिव्याच्या खाली नाही, आणि अगदी कठड्याला लागूनही नाही, कारण वाऱ्याबरोबर पाऊस आत येतो. कठड्यापासून दुसरी-तिसरी ओळ, बोटीच्या पुढच्या अर्ध्यात, ही उत्तम जागा.

बांधायचं असं: छताखाली आडवे पाइप किंवा हुक असतात. दोरी झोळीच्या कडीतून ओवून दुहेरी करा, पाइपवरून दोन वेढे द्या आणि टोक ताणलेल्या दोरीभोवती दोनदा अडकवून घट्ट करा. दोन्ही टोकं सारख्या उंचीवर. झोळी ताठ बांधू नका. ताठ झोळी आकसून गुंडाळते, खांदे आत दाबले जातात आणि सकाळी मान धरते. मधे चांगला पोक येईल इतकी सैल, बसल्यावर खुर्चीएवढ्या उंचीवर. मग हळूच बसा, पूर्ण वजन टाका, दोन मिनिटं थांबा. नवी दोरी पहिल्या तासात ताणली जाते आणि बूड जमिनीला टेकतं. तेव्हा उठून पुन्हा एकदा आखडून घ्या. झोपताना डोकं एका कोपऱ्यात, पाय विरुद्ध कोपऱ्यात, म्हणजे पाठ जवळपास सपाट राहते.

आणि तुम्ही कितीही ऐसपैस बांधलीत तरी सुटायच्या आधी कुणीतरी येऊन तुमच्या आणि शेजाऱ्याच्या मधे तिसरी झोळी टांगणार. लोकलमधल्या चौथ्या सीटसारखंच हे, वाद घालण्यात अर्थ नाही. सरकून घ्या, हसून नाव विचारा. पुढचे दोन दिवस तुमच्या सामानावर तोच लक्ष ठेवणार आहे.

रात्री तीननंतर गार वारा सुटतो. चादर आणि लांब बाह्यांचा शर्ट बॅगेच्या तळाशी नको, हाताशी हवा. पासपोर्ट, पैसे, फोन अंगावर घेऊन झोपा. मोठी बॅग खांबाला साखळीने कुलूपबंद करा. चालत्या बोटीत चोरी क्वचित होते; ती होते रात्री दोनला एखाद्या गावी बोट लागते आणि अनोळखी माणसं चढतात-उतरतात तेव्हा.

खाणं, पाणी, अंघोळ

जेवण ठरलेलं: भात, चवळी-राजम्यासारखी उसळ, स्पॅगेटी, कोंबडी किंवा बीफ, वर ‘फारिन्या’ म्हणजे कसावाच्या कंदाचा भाजलेला, कडक दाणेदार रवा. तो उसळीत मिसळून भिजू द्या, कोरडा खाल्लात तर दात दुखतील. आपला साबुदाणा याच कंदाच्या पिठीचा, त्यामुळे सकाळी बंदरात मिळणारं तापिओकाचं पांढरं धिरडं आपल्या जिभेला परकं वाटत नाही. शाकाहारी लोकांनी नुसतं ‘सेम कार्नी’ म्हणून भागत नाही. ‘कार्नी’ म्हटलं की त्यांना गोमांसच सुचतं आणि ताटात कोंबडी येते. ‘सेम कार्नी, सेम फ्रांगू, सेम पेशी’ असं तिन्ही सांगा, आणि उसळीतही मांसाचे तुकडे असतात हे विचारून घ्या. केळी, ब्राझील नट, बिस्किटं, शेंगदाणे मनाउसलाच भरून ठेवा.

नळाला आणि शॉवरला नदीचंच पाणी येतं. अंघोळीला ठीक, चूळ भरायला नाही. पिण्यासाठी माणशी दिवसाला तीन लिटरच्या हिशेबाने बाटल्या घेऊन चढा. बोटीवर पाण्याचा कूलर असतो, पण तो संपतो. ओआरएसची चार-पाच पाकिटं असू द्या. संडास सकाळी सहाच्या आत, त्यानंतर रांग.

तीन देशांचा कोपरा

ताबातिंगा ब्राझीलचं, लेतिसिया कोलंबियाचं, आणि समोरच्या बेटावरचं सांता रोसा पेरूचं. पहिल्या दोघांमध्ये एक रस्ता आहे, लोक दिवसातून चारदा ओलांडतात आणि कुणी अडवत नाही. इथेच लोक फसतात. शिक्का कुणी मागितला नाही म्हणून न घेता पुढे गेलात तर मनाउसच्या वाटेवर पोलीस विचारतात. क्रम असा: ज्या देशातून येताय त्याचा बाहेर पडल्याचा शिक्का आधी, मग नव्या देशाचा प्रवेश-शिक्का. कोलंबियाचा लेतिसियाच्या विमानतळावर, पेरूचा सांता रोसाला, ब्राझीलचा ताबातिंगाच्या फेडरल पोलिसांच्या कार्यालयात. बोटीच्या आदल्या दिवशीच हे उरका, कार्यालयांना ठरलेल्या वेळा असतात.

घड्याळही सांभाळा. ताबातिंगापेक्षा मनाउस एक तास पुढे, आणि सांतारेम-बेलेम मनाउसपेक्षा आणखी एक तास पुढे.

रस्ता जिथे आहे तिथे

मनाउस-बोआ व्हिस्ता (बीआर-१७४) हा डांबरी रस्ता चांगला आहे. बसने रात्रभराचा प्रवास. वाटेत वाइमिरी-अत्रोआरी आदिवासींचा प्रदेश लागतो. तिथे संध्याकाळी सहा ते सकाळी सहा खासगी गाड्यांना बंदी आहे, प्रवासी बसना सूट आहे. याच रस्त्यावर १०७ किलोमीटरवर प्रेसिदेंते फिगेरेदोचे धबधबे, एका दिवसात होतात. २०११ मध्ये रिओ नेग्रोवर साडेतीन किलोमीटरचा पूल झाला, त्यामुळे नोव्हो आइराँव आणि तिथल्या आनाविल्यानास बेटांकडे आता गाडीने जाता येतं. पोर्तो वेल्यो-रिओ ब्रांकोच्या वाटेवर अबुनाचा पूल २०२१ मध्ये खुला झाला, तेव्हापासून पेरूतल्या कुस्कोपर्यंत बसने जाणं बरंच सुकर झालं आहे.

जंगलातल्या मुक्कामाची सहल विमानतळावर गाठणाऱ्याकडून घेऊ नका. संस्थेची ‘कादास्तुर’ ही पर्यटन मंत्रालयाची नोंदणी विचारा, आणि लॉजपर्यंतची बोट, जेवण, वाटाड्या भाड्यात आहे का, हे लिहून घ्या.

बोटीनंतर लगेच विमान ठेवू नका. मधे दोन मोकळे दिवस हवेत, ऑक्टोबरात तीन. वाटेतल्या बंदरावर उतरायचं झालं तर बोट किती वेळ थांबणार हे खलाशालाच विचारा, कारण तीन भोंगे झाले की बोट कुणासाठी थांबत नाही. आणि बेलेमला मध्यरात्री पोहोचलात तर घाईने उतरू नका. बंदराभोवतीचे रस्ते त्या वेळी सुरक्षित नसतात. कप्तानाला विचारा; बहुतेक बोटींवर उजाडेपर्यंत झोळीत झोपू देतात.